बर्कलीची २० हजार व्याख्यानं: ऐकायची सोय झाली, वाचायची राहून गेली

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संकुलात मॅरियन डायमंड नावाच्या प्राध्यापिका अनेक दशकं शरीररचनाशास्त्र शिकवत होत्या. वर्गात येताना त्यांच्या हातात टोपी ठेवायची फुलाफुलांची गोल पेटी असे. हातमोजे चढवून त्या झाकण उघडत आणि आतून जतन करून ठेवलेला खराखुरा मानवी मेंदू बाहेर काढत. आइन्स्टाइनच्या मेंदूच्या तुकड्यांवरचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या त्या याच. पुढे त्यांची व्याख्यानं यूट्यूबवर आली आणि जगभरातल्या लोकांनी ती घरबसल्या पाहिली.

आता तो पेटीचा प्रसंग नुसता कानांनी ऐकतो आहोत असं समजा. बाई बोलताहेत, मध्येच थांबल्या, वर्गात थोडी हालचाल झाली, पुन्हा बोलू लागल्या. पेटीतून काय निघालं, हे त्या स्वतः तोंडाने सांगतील तेवढंच कळणार. उलट आवाज बंद करून चित्र पाहिलं, तर मेंदू दिसतो, पण त्याविषयी सांगितलेलं एकही वाक्य हाती लागत नाही. लेक्चर रेकॉर्ड करून बाहेर पाठवताना वर्गातल्या अनुभवाचा एखादाच पदर बाहेर जातो. तो कोणापर्यंत पोचणारच नाही, हा प्रश्न बर्कलीने वेळेवर विचारला नाही. १५ मार्च २०१७ पासून तिथली २० हजारांहून अधिक ध्वनी आणि चित्रमुद्रणं लोकांच्या नजरेआड होऊ लागली, त्याची सुरुवात इथे आहे. आपलं शिकवणं मोबाइलवर रेकॉर्ड करून मुलांना पाठवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

शिक्षकाला त्रास नको

बर्कलीने व्याख्यानं इंटरनेटवर ठेवण्याचा उपक्रम २००१ मध्ये रीतसर सुरू केला. तेव्हा ‘पॉडकास्ट’ हा शब्दही नव्हता. तो २००४ च्या फेब्रुवारीत एका ब्रिटिश पत्रकाराच्या लेखात पहिल्यांदा आला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि पुढच्याच वर्षी बर्कलीची व्याख्यानं तिथे मिळू लागली. ऑक्टोबर २००७ मध्ये या विद्यापीठाने यूट्यूबवर ३०० तासांहून जास्त चित्रमुद्रण ठेवलं. संपूर्ण अभ्यासक्रम अशा रीतीने यूट्यूबवर देणारं ते पहिलं विद्यापीठ मानलं जातं. रेकॉर्डिंगची यंत्रणा त्यांनी इतकी मनावर घेतली होती, की ओपनकास्ट या मुक्त सॉफ्टवेअरच्या उभारणीत बर्कलीच पुढे होतं. युरोपातली अनेक विद्यापीठं आजही व्याख्यानं टिपायला ते वापरतात.

या सगळ्यामागचा विचार सरळ होता: शिक्षकाच्या कामात भर पडता कामा नये. त्याने कॉलरला माइक लावायचा आणि रोजच्यासारखं शिकवायचं. टिपणं, साठवणं, प्रसिद्ध करणं ही कामं होता होईल तेवढी यंत्राने उरकायची. म्हणूनच हा उपक्रम एवढा पसरला. शिक्षकांना वेगळी तयारी करायला लावली असती, तर पाच-पंचवीस हौशी प्राध्यापकांपलीकडे तो गेला नसता. पण जे कष्ट वाचवले, त्यांतच पुढच्या अडचणीचं मूळ होतं. रेकॉर्डिंग वर्गातल्या मुलांना समोर ठेवून झालं आणि पोचलं मात्र वर्गात कधीही पाऊल न ठेवलेल्यांपर्यंत.

ते पोचलं आणि खोलवर पोचलं, हेही तितकंच खरं. ह्यूबर्ट ड्रायफस हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हायडेगरसारखा भल्याभल्यांना घाम फोडणारा विचारवंत शिकवत. वर्गात ते मोठ्याने विचार करत, अडखळत, एखाद्या विद्यार्थ्याचा आक्षेप पटला तर तिथल्या तिथे मान्य करत. अशा शिकवण्याला फळा लागत नाही, आवाज पुरतो. त्यांचे पॉडकास्ट आयट्यून्सवर लोकप्रिय झाले. श्रोत्यांमध्ये एक ट्रकचालकही होता आणि अमेरिकेच्या हमरस्त्यांवर गाडी हाकता हाकता तो अस्तित्ववादाचे तास ऐकायचा. ज्याला कॉलेज परवडलं नाही किंवा ज्याचं शिक्षण अर्धवट सुटलं, त्याला असा तास मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. पुढची तक्रार वाचताना हा माणूसही लक्षात ठेवावा लागतो.

नावनोंदणी केलेल्या मुलांचं काय? चुकलेला तास भरून काढणं आणि परीक्षेआधी अवघड भाग पुन्हा ऐकणं, हे लेक्चरच्या पॉडकास्टचे सगळीकडचे नेहमीचे उपयोग. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया इथल्या सरकारी विद्यापीठात डॅनी मॅकिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४ विद्यार्थ्यांवर एक लहानसा प्रयोग केला होता. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांनी मानसशास्त्राचं एक व्याख्यान वर्गात बसून ऐकलं, निम्म्यांना त्याचाच पॉडकास्ट आणि स्लाइड्सच्या छापील प्रती दिल्या. आठवड्याने परीक्षा घेतली. वर्गात बसलेल्यांची सरासरी सुमारे ६२ गुण आली, पॉडकास्टवाल्यांची ७१. वर्तमानपत्रांनी ‘आता प्राध्यापक कशाला हवेत’ अशा थाटात तो आकडा उचलला. मला त्यातली दुसरी नोंद जास्त महत्त्वाची वाटते. ही वाढ मिळाली ती ऐकता ऐकता टिपणं काढणाऱ्यांना. नुसतं ऐकून सोडून देणारे वर्गातल्या मुलांच्या पुढे गेले नाहीत. ज्याचे कान शाबूत आहेत, त्यालाही ऐकलेलं शिकणं कागदावर उतरवावं लागतं. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला तर कागदच हवा.

गॅलॉडेटहून आलेली तक्रार

वॉशिंग्टनला गॅलॉडेट विद्यापीठ आहे. १८६४ पासून ते कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी चालतं आणि तिथे अमेरिकन खुणांच्या भाषेत वर्ग भरतात. तिथल्या दोन कर्मचाऱ्यांना बर्कलीची खुली व्याख्यानं वापरायची होती. कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर अक्षरांत दाखवणारा मजकूर, नसल्यामुळे किंवा असलेला धड नसल्यामुळे त्यांना ती वापरता येईनात. त्यांच्या वतीने कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाकडे तक्रार केली.

त्यांची मागणी नीट पाहायला हवी, कारण पुढे तिचा फार विपर्यास झाला. व्याख्यानं बंद करा असं कोणीही म्हणालं नव्हतं. आम्हालाही ती वाचता येऊ द्या, एवढंच मागणं होतं.

न्याय विभागाने तपास केला आणि ३० ऑगस्ट २०१६ ला विद्यापीठाला पत्र पाठवलं. अपंग नागरिकांच्या हक्कांचा अमेरिकेतला १९९० चा कायदा सरकारी संस्थांना लागू आहे, बर्कली ही सरकारी संस्था आहे आणि लोकांसाठी खुली ठेवलेली सामग्रीही त्या कायद्याखाली येते, असा त्याचा रोख होता. तपासात सापडलेले दोष ओळखीचे होते. बऱ्याच चित्रफितींना कॅप्शन नव्हते. काहींना यंत्राने आपोआप केलेले, चुकांनी भरलेले कॅप्शन होते. पडद्यावर जे दिसत होतं, त्याचं वर्णन अंध माणसासाठी कुठेच नव्हतं. काही कागदपत्रं अशी होती, की स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंध माणसाला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती वाचताच येत नसत. काही ठिकाणी अक्षरं आणि मागचा रंग इतका जवळचा होता, की अधू नजरेच्या माणसाला ती दिसणंही कठीण.

बर्कलीत शिकणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळी व्यवस्था होती. नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याने मागणी केली, तर त्याच्या अभ्यासक्रमापुरती सोय करून मिळे. तक्रार खुल्या सामग्रीबद्दल होती. म्हणजे मुद्दा इथे येतो: फुकट वाटलेल्या वस्तूवर सगळ्यांचा सारखा हक्क असतो का? मला वाटतं, असतो. रस्त्यावर पाणपोई घातली, तर ‘फुकट तर देतोय’ म्हणून तिचा नळ चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर बसवून चालत नाही. सरकारी पैशाने घातलेली पाणपोई असेल, तर अजिबातच नाही.

नाकासमोरचा सोपा मार्ग

सप्टेंबर २०१६ मध्ये विद्यापीठाने जाहीर निवेदनात म्हटलं, की खर्च फार येणार असल्याने ही सामग्री काढून घ्यावी लागण्याची शक्यता आहे. १ मार्च २०१७ ला तो निर्णय झाला. कारणं तीन दिली होती. न्याय विभागाच्या अपेक्षा पुऱ्या करायला लागणारा पैसा नव्या, सर्वांना वापरता येणाऱ्या सामग्रीवर खर्च करायचा. जुनी सामग्री बरीच वर्षांची झाली आहे. आणि प्राध्यापकांचं काम परवानगीवाचून पैसे कमावण्यासाठी वापरणाऱ्यांना आळा घालायचा. काही महिन्यांत सगळी जुनी मुद्रणं विद्यापीठाच्या लॉगिनच्या आड गेली.

या निर्णयाने संतापलेल्यांनी बोट दाखवलं ते कर्णबधिरांकडे. ‘दोघांच्या तक्रारीपायी लाखोंचं नुकसान’ असा सूर लागला. मला हे फार लागतं. कारण २०१५ च्या शरद सत्रापासूनच बर्कलीने नवी व्याख्यानं लोकांसाठी खुली करणं बंद केलं होतं, ती फक्त आपल्या विद्यार्थ्यांपुरती ठेवली होती. कारण पैशाचं होतं. न्याय विभागाचं पत्र यायला तेव्हा अजून वर्ष होतं. दार आधीच अर्धं लोटलेलं होतं. ते पूर्ण बंद केल्याचा दोष मात्र ज्यांना आत कधी येताच आलं नव्हतं, त्यांच्या माथी बसला.

कामाचा डोंगर मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेरीज करून पाहू. व्याख्यान सरासरी तासाभराचं धरलं, तर २० हजार तास. तासाभराचं बोलणं लक्षपूर्वक उतरवून काढायला सरावलेल्या माणसालाही साधारण चार तास लागतात. म्हणजे ८० हजार तास. वर्षाला २ हजार तास काम करणाऱ्या एका माणसाची ४० वर्षं. ज्या विद्यापीठाने नव्या व्याख्यानांसाठीच हात आखडता घेतला होता, त्याला एवढं एकरकमी झेपणं कठीण.

पण हेच काम दर सत्राला करत गेलो असतो तर? एका अभ्यासक्रमाची ४० व्याख्यानं म्हणजे १६० तास. शिकवून झाल्या झाल्या, विषय ताजा असताना, शंका विचारायला प्राध्यापक शेजारच्या खोलीत असताना. दहा-पंधरा वर्षांनी तेच काम हाती घेतलं, की बोलणारे निवृत्त झालेले असतात, फळा पुसलेला असतो, ‘ही इकडची संज्ञा’ म्हणजे कोणती हे सांगणारं कोणी उरत नाही. ड्रायफस एप्रिल २०१७ मध्ये गेले, डायमंड जुलैमध्ये. वाण्याची उधारी जशी दर महिन्याला चुकती केली तर जाणवत नाही आणि साचली की घर विकायची पाळी येते, तसं इथे झालं.

शिवाय ‘सगळं करा नाहीतर सगळं काढा’ असे दोनच मार्ग होते, असंही नव्हतं. कायद्यात अवाजवी बोजा पडत असेल तर सवलतीची तरतूद आहे. त्याच कर्णबधिर संघटनेने फेब्रुवारी २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवरही दावे लावले होते. ते अनुक्रमे २०१९ च्या नोव्हेंबरात आणि २०२० च्या फेब्रुवारीत तडजोडीने मिटले. हार्वर्डने मान्य केलेली वाट शहाणपणाची आहे. नवीन सामग्रीला सुरुवातीपासूनच कॅप्शन द्यायचे, जुन्या सामग्रीसाठी मुदत आखून घ्यायची आणि तोपर्यंत कोणी एखादी जुनी फीत मागितली तर पाच कामकाजाच्या दिवसांत तिला कॅप्शन द्यायचे. ज्याला खरोखर गरज आहे, त्याच्या मागणीने कामाचा क्रम लागतो. बर्कलीलाही हे जमलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्याख्यानं काढण्याआधी इंटरनेटवरच्या काही गटांनी ती उतरवून घेतली. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यामुळे नफ्याविना आणि बदल न करता वाटण्याची मुभा होती. त्यामुळे आवाज वाचले. मूळची त्रुटी मात्र त्या प्रतींमध्येही जशीच्या तशी गेली.

२१ नोव्हेंबर २०२२ ला न्याय विभाग आणि विद्यापीठ यांच्यात न्यायालयासमोर समझोता मांडला गेला आणि डिसेंबरात तो मंजूर झाला. नवी ऑनलाइन सामग्री आणि जुन्यातली बहुतेक सामग्री सर्वांना वापरता येईल अशी करायची, पॉडकास्टही त्यात आले. साडेतीन वर्षांची मुदत, त्यावर देखरेख ठेवायला स्वतंत्र तपासनीस, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. पहिल्या तक्रारीपासून इथवर यायला आठ वर्षं लागली. एखादा मुलगा पदवीला प्रवेश घेऊन पदव्युत्तर शिक्षणही संपवतो, त्याहूनही मोठा हा काळ.

आपल्या फोनमधले ऑडिओ

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या प्राध्यापकांनी जे हाताशी होतं, त्याने काम भागवलं. फोनवर लेक्चर बोलायचं आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं. व्हिडिओ उतरवायला डेटा पुरत नाही, रेंज नसते. ऑडिओ हलका, डोंगरावर जाऊन एकदा उतरवला की रात्री घरी ऐकता येतो. त्या काळात असंख्य मुलांचं वर्ष त्यावर तरलं. बर्कलीने जे मोठ्या यंत्रणेने केलं, तेच आपण खिशातल्या फोनने केलं आणि तीच गोष्ट विसरलो.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. बर्कलीची व्याख्यानं नजरेआड होऊ लागली, त्याच्या बरोबर पुढच्या महिन्यात. त्याचं ४२ वं कलम म्हणतं, की ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतली सगळी सामग्री दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावी, याची काळजी सरकारने घ्यायची आहे.

आणि हे करून दाखवलेली उदाहरणंही घरचीच आहेत. पवईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे पाठ असतात. तिथे आधी संहिता लिहिली जाते, विषय नवा असलेल्या माणसाकडून ती तपासून घेतली जाते आणि मगच आवाज दिला जातो. त्याच संहितेवरून मराठीसह इतर भारतीय भाषांत डबिंग होतं. लिहिलेलं आधी असल्यामुळे कर्णबधिरांसाठी मजकूर तयारच असतो, भाषांतरालाही तोच कामी येतो. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातल्या अभ्यासक्रमांचे लेखी मजकूर मराठीतही आणले गेले आहेत.

आपल्या रोजच्या तासाला एवढी तयारी शक्य नाही, हे मान्य. एफ. वाय.च्या वर्गात अर्थशास्त्र शिकवताना आपण सहज म्हणून जातो, ‘आता हा इथून इथं सरकला, म्हणून ही वर गेली, बरोबर?’ फळा दिसणाऱ्याला सगळं कळतं. ऑडिओ ऐकणाऱ्याला काहीच नाही आणि हे वाक्य जसंच्या तसं उतरवून दिलं तर वाचणाऱ्यालाही नाही. त्याऐवजी ‘मागणीवक्र उजवीकडे सरकला, म्हणून समतोल किंमत वर गेली’ असं म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात. अंध विद्यार्थ्याला लागलीच उपयोग होतो, मागच्या बाकावरच्याचंही भलं होतं. तीच गोष्ट प्रश्नांची. कोपऱ्यातून कोणी विचारलेलं माइकमध्ये येत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसतं ‘हो, पण तसं नसतं’ एवढं उत्तर उरतं. प्रश्न आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून मग उत्तर देण्याची सवय लावून घेणं इतकं अवघड नाही.

यंत्राने आवाजाचा मजकूर करून मिळतो आता, मराठीतसुद्धा. पण आपण वर्गात बोलतो ती मराठी आणि इंग्रजीची सरमिसळ, त्यात पारिभाषिक शब्द, पंखे, बाहेरची वर्दळ. यंत्राची प्रत कच्ची धरूनच चालावं. ‘समतोल’चं ‘समतल’ झालं तर चुकीचं अर्थशास्त्र त्या मुलाच्या हाती पडतं आणि बर्कलीच्या आपोआप झालेल्या कॅप्शनवर न्याय विभागाचा आक्षेप नेमका असाच होता. माणसाने वाचून दुरुस्त केलेली प्रत हवी.

ते करणार कोण? खर्च आणि जबाबदारी संस्थेची आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्याकडे एक जुनी चांगली रीत आहे. मुंबई-पुण्यात कित्येक माणसं अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, परीक्षेला लेखनिक म्हणून बसतात. अक्षराचा आवाज करणारे हात आपल्याकडे आहेतच. आवाजाचं अक्षर करायचं काम त्यांच्याच धाकट्या भावंडांना देता येईल. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. एका विषयाच्या सत्रातले ४५ तास, प्रत्येकाला चार तास म्हणजे १८० तास. दोन स्वयंसेवकांचे मिळून २४० होतात. उरलेल्या ६० तासांत त्या दोघांनी विषयाच्या शिक्षकासमोर बसून प्रत्येक पारिभाषिक शब्द तपासून घ्यायचा. जून-जुलैत कामाला लागले, तर दिवाळीच्या सुट्टीआधी अख्ख्या विषयाची लेखी प्रत तयार होते.